इतवारीतलं लेसचं बंडल

त्या बुधवारी आम्ही तिघी इतवारीच्या बाजारात गेलो होतो, एका कुर्त्याचं अस्तर घ्यायला. मी, मॅडम आणि माझ्या शिवणवर्गातली गार्ड.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. शिवण हा माझा धंदा नाही, नाद आहे. लहानपण कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गेलं. तिथं खिडकीच्या गजांवर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, आणि आयुष्यात मी पहिल्यांदा शिवलेली वस्तू म्हणजे टेबलफॅनला राख लागू नये म्हणून केलेली खोळ. ती तिरपी झाली होती, पण आईनं ती चार वर्षं वापरली. तेव्हापासून हात थांबले नाहीत. लग्नानंतर बेसा रोडला फ्लॅट घेतला. शेजारणी आधी ब्लाउज उसवून घ्यायला आल्या, मग शिकवा म्हणाल्या, आणि त्यातून रविवारचा वर्ग सुरू झाला. सकाळी साडेसात ते साडेनऊ.

जागा मॅडमची होती. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर, वर त्या एकट्या राहायच्या, खालचा हॉल रिकामा. एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनी इथंच ठेवा, मीही शिकेन." गल्लीत कुणाचंही भांडण त्यांच्या एका शब्दानं मिटायचं. मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, शिकवणारी मी, तरी त्या हॉलमध्ये आल्या की मी खुर्चीतून उठायची.

गार्ड तिशीची असेल. एका मोठ्या मॉलच्या दारावर बायकांच्या पर्स तपासण्याचं तिचं काम. अकराला ड्युटी, म्हणून ती निळा ड्रेस पिशवीत घेऊनच वर्गाला यायची. तिला शिवण शिकायची होती त्या ड्रेससाठीच.

"कंपनीचा ड्रेस बाप्या माणसाईच्या मापाचा असते, ताई," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इथं घट्ट, तिथं ढगळ. दिवसभर त्यात उभी राहून राहून जीव जाते. मले तो माह्या अंगाचा कराचा आहे."

महिन्याभरात तिनं पँटची कंबर नीट केली. मग तिनं स्वतःसाठी कुर्ता कापायला घेतला आणि एक बाही उलटी जोडून बसली. बुधवारी तिची सुट्टी असायची. मी अर्धी रजा टाकली. मॅडमनाही ब्लाउजचं अस्तर हवं होतं. वर्गातल्या दोन कॉलेजच्या मुलींची परीक्षा होती, म्हणून आम्ही तिघीच निघालो.

मार्च संपत आला होता. दुकानात कूलरचा वारा नुसता भिंतीकडे जात होता. मी त्या दुकानात पंधरा वर्षं जात होते. गादीवर बसायचं, ठाण पुढ्यात उलगडलं की कापड दोन बोटांत चोळायचं, पन्हा, म्हणजे रुंदी, विचारायचा, धुतल्यावर किती आटेल ते शेठला विचारायचं. शेठ मला ताई म्हणायचे आणि न मागता चहा सांगायचे. नवीन शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा तिथंच न्यायची. कापड हातात धरायला शिकलं नाही, तर मशीनवर बसून काही होत नाही.

एका बाजूला लेसचं काउंटर होतं. गार्डनं तिथलं एक बंडल उचललं, मरून रंगाचं, सोनेरी काठाचं. मनगटाला लावून पाहिलं. सेल्समनला भाव विचारला, थोड्या वेळानं पुन्हा विचारला, आणि ठेवून दिलं. मग ती माझ्याकडे आली आणि अस्तराचा पोत पाहू लागली.

मी सहज मान वर केली. मॅडम लेसच्या काउंटरशी एकट्या उभ्या होत्या. त्यांनी ते मरून बंडल उचललं, त्याच्यावर आपला रुमाल ठेवला, आणि रुमालासकट आपल्या कापडी पिशवीत ठेवलं. घाई नाही, गडबड नाही. मग त्या वरच्या पंख्याकडे पाहू लागल्या.

मला वाटलं, बिलाच्या वेळी काढतील. बिल झालं. पिशवी उघडली नाही. मी अस्तराची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिले, त्यांना वेळ मिळावा म्हणून. त्या दाराकडे चालू लागल्या.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा सेल्समन म्हणाला, "एक मिनिट हां." तो काउंटरवरची बंडलं मोजून शेठच्या कानाशी गेला. शेठ उठले.

"ताई, बुरा मत मानना. एक बंडल कम है."

मी काही बोलायच्या आत सेल्समननं गार्डकडे बोट केलं. "इनके ही हाथ में था. दो बार रेट पूछा."

"ठेवलं ना मी वापस," गार्ड म्हणाली. "तुमच्यासमोर ठेवलं."

"बॅग दिखा दो, बात खतम."

दुकानात आणखी सहा-सात बायका होत्या. त्यांच्या हातातलं कापड थांबलं. गार्डनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की ताई आता काहीतरी म्हणतील, निदान "ही माझ्यासोबत आली आहे" एवढं तरी. मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या, इतक्या जवळ की त्यांच्या साडीच्या खळीचा वास येत होता. त्यांचा चेहरा शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारखा.

मी गप्प राहिले.

गार्डनं पर्स गादीवर उपडी केली. डबा, कंगवा, शिट्टी, मी दिलेली मापाची टेप, उलट्या बाहीचा अर्धा कुर्ता, ओळखपत्र. सेल्समननं कुर्ता झटकून पाहिला. डब्याचं झाकण उघडून पाहिलं. आत दोन पोळ्या आणि मिरचीचा ठेचा होता. एका बाईनं हसू दाबलं.

त्या वेळी मी मनाशी काय म्हणत होते ते मला नीट आठवतं. मी म्हणत होते, तिच्याकडे काही नाहीच, रिकामी पर्स दिसेल आणि विषय संपेल. मॅडमचीही लाज राहील. सगळं निभावून जाईल.

पण विषय संपला नाही. शेठनी ओळखपत्र उचललं. "सिक्युरिटी में हो? वाह." ते हसले आणि कार्डावरचा कंपनीचा नंबर पाहत खिशातून मोबाईल काढला. "पूछ लेते हैं, कैसे लोग रखते हैं."

गार्डचा चेहरा उतरला. "फोन नका लावू. चोरीचं नाव लागलं त माही नोकरी जाईन. कॅमेरा आहे ना तुमचा? तो पाहा."

"वो गल्ले के ऊपर है. लेस का काउंटर नहीं दिखता."

शेठ एक एक आकडा दाबत होते. तेव्हा ती सरळ उभी राहिली. आवाज बदलला, दारावर उभी असताना असतो तसा झाला.

"ठीक आहे. मंग सगळ्याईच्या पर्स पाहू. माही पाह्यली, आता यायच्या पाहू. माह्यं कामच आहे ते, मीच पाहतो. ताई, तुमची आणा. मॅडम, तुमची."

तिनं हात पुढे केला. मॅडमनी पिशवी छातीशी धरली. बोटं पांढरी झाली होती. ते शेठनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडून खोटं निघालं.

"शेठजी, थांबा, थांबा. माझीच चूक झाली. मी ते बंडल बाहेर उजेडात रंग पाहायला नेलं होतं. येताना मॅडमच्या पिशवीत टाकलं आणि विसरलेच."

मी मॅडमच्या पिशवीत हात घातला, रुमालाखालून बंडल काढलं आणि गादीवर ठेवलं. शेठनी मोबाईल खाली केला आणि मोठ्यानं हसले. "अरे ताई, आप भी ना! जान निकाल दी." चहा सांगितला. दुकान पुन्हा बोलायला लागलं.

"अहो, मला सांगायचं तरी," मॅडम म्हणाल्या. आवाजात जराही कंप नव्हता.

गार्ड खाली बसून एक एक वस्तू पर्समध्ये भरत होती. तिला कुणी सॉरी म्हटलं नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर मॅडम ऑटो पाहायला नाक्याकडे गेल्या. हातगाड्यांच्या गर्दीत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"ताई, तुमी पाह्यलं होतं ना?"

"काय?"

"तुमी बाहेर गेल्याच नाही. मी तुमच्याजवळच उभी होती. पाह्यलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग माही पर्स उघडाले लावली तवा काहून नाही बोलल्या?"

मी नाक्याकडे, मॅडम गेल्या त्या बाजूला पाहिलं. तिनं आपल्या अस्तराची पुडी माझ्या हातात दिली आणि चालू लागली. ऑटोत मॅडम आणि मी शेजारी बसलो. त्या उन्हाबद्दल बोलल्या.

रविवारी गार्ड आली नाही. मॅडम नेहमीच्या वेळी, नेहमीच्या इस्त्रीच्या साडीत खाली आल्या. ब्लाउजचे टक कुठं घ्यायचे ते मला विचारलं, आणि मी खडूनं खुणा करून दिल्या. माझा खडू दोनदा मोडला. मुली गेल्यावर मी हॉलचं दार लोटलं.

"मॅडम, बुधवारचं बोलायचं होतं."

"काय बुधवारचं?"

"ते बंडल. मी पाहिलं होतं."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावरच त्यांनी वर पाहिलं. "तुमचा काहीतरी गैरसमज होतो आहे. तुम्हीच तर शेठला सांगितलं, तुम्ही टाकलं म्हणून. सगळ्यांसमोर."

त्यांना वाचवायला मी जे बोलले होते, तेच त्यांनी माझ्यासमोर धरलं होतं. खरं काय ते आता मी कुणाला सांगितलं असतं, तर खोटारडी मीच ठरत होते.

गार्डला फोन केला, तिनं उचलला नाही. तीनदा केला. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी मॉलला गेले. दारावर बायकांची रांग होती. बाजूला पडदा लावलेली छोटी चौकट, तिच्यात एक एक बाई आत जायची. माझा नंबर आला तेव्हा मी आत गेले, आणि ती समोर होती. निळ्या ड्रेसची कंबर अंगाबरोबर बसली होती.

तिनं मला ओळख दिली नाही. "पर्स उघडा."

मी उघडली. तिनं हातातल्या काठीनं आतलं बाजूला केलं, चेन उघडली, आतला कप्पा पाहिला, रुमाल उचलून पाहिला. मी हात वर केले. तिनं मशीन अंगावरून फिरवलं.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

"इथं नाही."

"मग कुठं? फोन उचलत नाहीस."

"जिथं झालं तिथं मागा. त्या लोकायसमोर." ती हळू बोलत होती, पण प्रत्येक शब्द तोडून. "तुमाले वाट्टे का मी चोरीच्या नावानं रडून राहिली? माह्या पर्समधून त काही निघालं नाही. त्या सात बाया आताही म्हणत असतीन, सापडली असती पण सोबतच्या बाईनं सांभाळून घेतलं. तुमी मले वाचवलं असं वाट्टे त्यायले. तुमी वाचवलं दुसऱ्याच बाईले."

पडद्यामागून कुणीतरी ओरडलं, "लवकर करा ना हो."

"बुधवारी सुट्टी आहे माही," ती म्हणाली आणि पडदा बाजूला केला.

मंगळवारी संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. मोबाईल ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. उद्या दुकानात जाऊन खरं सांगणार आहे, तुमचं नाव घेणार नाही, पण मी टाकलं नव्हतं हे सांगेन, एवढं म्हटलं. पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"मशीनी रविवारच्या आत उचला," त्या म्हणाल्या.

माझे यजमान दारात उभे राहून ऐकत होते. "काहून या भानगडीत पडून राहिली तू? मिटलं ना ते?" ते म्हणाले. माझंही अर्धं मन तेच म्हणत होतं.

बुधवारी ती दुकानाच्या पायरीशी आधीच उभी होती. आम्ही आत गेलो. शेठनी मला पाहून "आइए ताई" म्हटलं आणि तिला पाहून थांबले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्या दिवशीच्याच बायका त्यात असणं शक्य नव्हतं. मी गादीवर बसले नाही.

"शेठजी, मागच्या वेळी मी खोटं बोलले. ते बंडल मी टाकलं नव्हतं. कुणी ठेवलं ते मी पाहिलं होतं. हिनं काही केलं नव्हतं. तुम्ही हिची पर्स उपडी करायला लावली तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी उभी राहून पाहत होते."

मी तिच्याकडे वळले. "माझं चुकलं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

शेठचं तोंड आंबट झालं. "तो किसने डाला?"

"ज्यांच्या पिशवीतून मी काढलं ते तुम्ही पाहिलं आहे. त्याच्यापुढे मी सांगणार नाही."

त्यांनी सेल्समनकडे पाहिलं. सेल्समन काउंटरकडे पाहू लागला. "चलो, हो गया," शेठ म्हणाले. "माल मिल गया था. अब क्या."

गार्ड जागची हलली नाही. "माह्यं कार्ड पाहून तुमी हसले होते, शेठ. नंबर लावून राहिले होते. मी दारावर रोज पाचशे बायाईच्या पर्स पाहतो. काही निघालं नाही त मी त्यायले सॉरी म्हणतो. रोज म्हणतो."

कूलर घरघरत होता. एका गिऱ्हाईक बाईनं कापड बाजूला ठेवलं आणि शेठकडे पाहू लागली, मग दुसरीनं. सेल्समन आधी बोलला, हात जोडून, "बहनजी, माफ करना." शेठनी वहीचं पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. वर न पाहता ते म्हणाले, "सॉरी, बेटा. गलती हो गई."

तिनं मान हलवली आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेले. मला वाटलं होतं, आता ती काहीतरी बोलेल, निदान हात धरेल. ती म्हणाली, "मी बर्डीच्या बाजारात जातो, मले काम आहे," आणि गेली. त्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवला नाही.

शनिवारी यजमानांनी आणि मी मशीनी टेम्पोत घातल्या. मॅडम वरच्या गॅलरीत होत्या, खाली आल्या नाहीत. त्यांची स्वतःची मशीन हॉलमध्ये एकटी राहिली. आमच्या घरात डायनिंग टेबल भिंतीला लावलं आणि वर्ग तिथं सुरू झाला. गल्लीत हळूहळू पसरलं की मी मॅडमच्या वयाचाही मान ठेवला नाही. नेमकं काय झालं ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन मुलींपैकी एकीच्या आईनं तिला पाठवणं बंद केलं.

गार्ड तिसऱ्या रविवारी आली. दार उघडलं तर निळ्या ड्रेसची पिशवी घेऊन उभी. "उलटी बाही तशीच आहे," ती म्हणाली. मी तिला खिडकीजवळची मशीन दिली. तिनं बाही उसवली, मुंढा जुळवला, टाचण्या लावल्या. ती मला विचारायची नाही. चुकली की उसवायची, पुन्हा लावायची. मला ताई म्हणणं तिनं सोडून दिलं होतं. हाक मारायची वेळ आली तर नुसतं "अहो" म्हणायची. मी तिच्या मागे उभी राहिले की तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबायचा, म्हणून मी मागे उभी राहणं बंद केलं.

पावसाळ्यात एकदा भाजीच्या गाडीवर मॅडम भेटल्या. मी वळून जाणार होते, पण त्यांनी पाहिलं होतं. त्या कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन काड्या मोजत असल्यासारख्या उभ्या होत्या.

"मला गरज नव्हती हो त्याची," त्या एकदम म्हणाल्या. "घरात कपाटभर लेस पडली आहे."

"माहीत आहे मला."

"मग का घेतली मी?"

त्या खरंच मला विचारत होत्या. चाळीस वर्षं मुलींना विचारत आल्या असतील तसं नाही, ज्याला उत्तर माहीत नाही तो विचारतो तसं. भाजीवाला जुडीचे पैसे मागत होता. त्यांनी ती जुडी परत ठेवली आणि छत्री उघडून निघून गेल्या. त्यानंतर आम्ही एकमेकींना पाहून मान हलवतो. त्याहून जास्त काही नाही.

दिवाळीच्या आधी गार्डच्या बहिणीचं लग्न ठरलं. एका रविवारी वर्ग संपल्यावर ती मागे थांबली, मशीनवर कव्हर घातलं, ते सारखं केलं, पुन्हा केलं.

"बर्डीत कपडा घ्याले जाचं आहे. सलवारीचा," ती म्हणाली. "तुमाले वेळ आहे का?"

आम्ही बसनं गेलो. माझ्या ओळखीचं तिथं एकही दुकान नव्हतं, म्हणून दारोदार फिरलो. प्रत्येक दुकानात शिरताना माझे खांदे आखडत होते. ती मात्र सरळ आत जायची, ठाण उलगडायला लावायची, दोन बोटांत कापड चोळायची. चौथ्या दुकानात तिला एक हिरवं आवडलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, मग माझ्यासमोर केलं.

"हे धुतल्यावर आटन का?"

मी कापड हातात घेतलं. "आटेल. अर्धा मीटर जास्त घे आणि कापायच्या आधी रात्रभर भिजत घाल."

तिनं दुकानदाराला अर्धा मीटर जास्त सांगितला.